पंचवीस जणींचं काठमांडू

आमच्या कराडच्या आत्याने भजनी मंडळातल्या पंचवीस जणींना नेपाळला न्यायचा घाट घातला आहे. आगाऊ रक्कम अजून भरायची आहे, पण सहलवाल्याचं पत्रक घरोघर पोचलं आहे. बारा दिवस, माणशी 26,000 रुपये. रेल्वे, बस, मुक्काम, बरोबर आचारी, चहा-नाश्ता आणि दोन वेळचं जेवण, सगळं त्यातच. ठिकाणं अशी : अयोध्या, लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, मनोकामना, काठमांडू, जनकपूर आणि परतीच्या वाटेवर काशी. यात काठमांडूच्या वाट्याला आला आहे दीड दिवस.

मी कामानिमित्त काही काळ काठमांडूत राहिले आहे. त्या शहराने मला जीव लावला, त्यामुळे हा दीड दिवस मला डाचला. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. सहल नेण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. गावी गेले तेव्हा आमचं यावर जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. अशी पत्रकं गावोगाव फिरतात, आणि ती वाचून पैसे भरणाऱ्या बायकांशी या विषयावर कोणी नीट बोलत नाही असं मला वाटतं.

मी : आत्या, बारा दिवसांतून रेल्वेचे येण्या-जाण्याचे चार दिवस काढ. उरले आठ. आठ दिवसांत आठ ठिकाणं. बायका बसमधून उतरणार कधी आणि बघणार कधी?

आत्या : तू दिवसांचा हिशेब करतेस, त्या पैशांचा करतात. आमच्यातली एक अंगणवाडीत मदतनीस होती. दोघी शिवणकाम करतात. चौघींना नुसतं कुटुंब निवृत्तिवेतन. दोन वर्षं भिशी लावून हे पैसे उभे केलेत. त्यांना पुन्हा कोण नेणार आहे नेपाळला? एकदाच निघायचं तर पदरात पडेल तेवढं पाडून घ्यायचं.

मी : मग पैशांचंच बोलू. हे 26,000 जातात कुठे? बरेचसे चाकांत जातात. भारतातली बस सोनौलीची सीमा ओलांडली की तिला भन्सार भरावा लागतो, म्हणजे नेपाळचा सीमाशुल्क, आणि तोही दिवसागणिक. मुक्तिनाथाला ही बस जातच नाही. पोखऱ्याहून छोट्या गाड्या ठरवाव्या लागतात, त्याचे दोन दिवस आणि वेगळं भाडं. ठिकाणं कमी केलीस तर डिझेल वाचेल, गाड्यांचं भाडं वाचेल, आणि त्याच पैशांत काठमांडूत पाच रात्री निघतील. पशुपतिनाथाजवळ गौशाला भागात यात्रेकरूंच्या धर्मशाळा आहेत. तिथे राहिलात तर देऊळ पायी गाठता येतं.

आत्या : मुक्तिनाथाच्या 108 धारांखाली डोकं धरायचं, ही अर्ध्या बायकांची आस आहे. त्यांना मी काय सांगू? डिझेल वाचवलं म्हणून?

मी : त्यांना उंची सांग. पोखरा आहे साधारण 800 मीटरवर आणि मुक्तिनाथ 3,700 मीटरच्या आसपास. एवढं अंतर गाडीने झटकन चढायचं, वर पोचल्यावर पायऱ्या चढायच्या आणि गोठवणाऱ्या पाण्याखाली उभं राहायचं. रक्तदाबाच्या गोळ्या किती जणी घेतात तुमच्यात? दम्याच्या किती जणी आहेत? जिला खरंच जायचंय तिने डॉक्टरांना विचारून, वाटेत जोमसोमला मुक्काम करून, सावकाश जावं. पंचवीस जणींच्या घाईच्या कार्यक्रमात ते बसवू नये.

आत्या यावर लगेच काही बोलली नाही. बायकांची वयं तिला पाठ आहेत. सगळ्यात मोठ्या बाई त्र्याहत्तरच्या.

आत्या : बरं, मुक्तिनाथाचं तुझं ऐकून घेतलं. पण तुझा खरा राग मुक्तिनाथावर नाही, सहलीवरच आहे. तुम्हा मुलींना वाटतं की पाठीला पिशवी अडकवून एकटीने हिंडलं तरच देश दिसतो. पंचवीस जणी एका रंगाच्या टोप्या घालून निघाल्या की तुम्हाला लाज वाटते.

मी : लाज नाही वाटत. भीती वाटते. 23 ऑगस्ट 2024 आठवतो?

तिला आठवत होता. त्या दिवशी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली भारतीय यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली. बसमध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातली, वरणगाव-भुसावळकडची माणसं होती. वीसहून जास्त माणसं गेली. घरंच्या घरं पोरकी झाली. त्याआधी महिन्याभरापूर्वीच, जुलैत, नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. या रस्त्यांना एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला नदी असते. पावसाळ्यात डोंगर खाली येतो. बाकीच्या दिवसांत ट्रकांची रांग, रस्त्याची कामं, धूळ आणि नौबिशापासून नागढुंगाच्या चढावर तासन् तास खोळंबा.

आत्या : वरणगावच्या त्या बायका आमच्यासारख्याच असतील गं. वर्गणी काढून निघालेल्या. म्हणून आम्ही जाऊच नये?

मी : जावंच. पण पत्रक बघताना आधी हे बघायचं की बस रात्री चालणार आहे का. या पत्रकात तीन रात्रींचा प्रवास आहे. रात्रीचा मुक्काम वाचवला की सहलवाल्याचे पैसे वाचतात. स्वस्ताई तिथून येते. आणि चालक एकच लिहिला आहे. एकच माणूस दिवसभर डोंगरातून गाडी हाकणार, रात्रीही तोच. तुमची गादी पातळ असू दे, एका खोलीत चौघी झोपा, जेवणात गोड नसलं तरी चालेल. पण चालकाच्या झोपेतून पैसे वाचवू नका.

हे तिला पटलं. पंचवीस जणींसाठी ती घरोघर शब्द देऊन बसली आहे, आणि दिलेल्या शब्दाचं ओझं काय असतं ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तिने पत्रकाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं : दोन चालक. रात्रीचा प्रवास बंद.

आत्या : आता माझं ऐक. तुझं ते एकटीने हिंडणं मला मान्य आहे, पण ते तुझ्यासाठी. आमच्या बायकांना साधं पुण्याला जायचं तरी लेकाला विचारावं लागतं. ‘मंडळाबरोबर चाललेय’ म्हटलं की कोणी अडवत नाही. दिंडीचं काय असतं? दिंडीला नंबर असतो, मालट्रक असतो, स्वयंपाक ठरलेला असतो, कोणी मागे राहिलं तर शोधायला माणसं असतात. म्हणून तर ज्या बाईने कधी तालुका ओलांडला नाही ती आळंदीहून पंढरपूरला चालत जाते. तिला एकटीला सोड म्हटलं तर ती उंबऱ्याबाहेर पडणार नाही. सहल म्हणजे आमची दिंडीच. तिच्यात पावलं आपली असतात आणि धीर सगळ्यांचा.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. स्वस्त सहलीने महाराष्ट्रातल्या किती बायकांना घराबाहेर काढलं, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. पण काशीला, रामेश्वराला गेलेल्या आपल्या आज्या, मावश्या आठवल्या तरी तो ज्याचा त्याला कळेल. नेपाळ हा तर परदेश असूनही हाताशी असलेला परदेश. व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नसला तरी निवडणूक ओळखपत्रावर जाता येतं. भाषा बरीचशी कानाला कळते, पाट्या देवनागरीत. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये, हा दर 1993 पासून बांधलेला. घड्याळ फक्त पंधरा मिनिटं पुढे करायचं. आयुष्यात पहिल्यांदा देशाची सीमा ओलांडणाऱ्या बाईला याहून सोपी सीमा मिळणार नाही.

मी : दिंडी मला मान्य. पण दिंडी रोज किती चालते? कुठे विसावा घेते? वाखरीला रिंगण बघायला थांबते की नाही? तुमचं पत्रक थांबतच नाही. काठमांडूचा दीड दिवस वाचून दाखवते. ‘सकाळी पशुपतिनाथ दर्शन, बौद्धनाथ, स्वयंभूनाथ, दुपारी दरबार चौक, बुढानीलकंठ, सायंकाळी खरेदी.’ रिंग रोडवरच्या गर्दीत मोठ्या बसने हे करायचं म्हणजे प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं मिळतील. आतल्या गल्ल्यांत तर बस शिरतच नाही. आणि काठमांडू सगळं गल्ल्यांतच आहे.

आत्या : गल्ल्यांत काय बघायचं?

मी : असन बघायचं. सकाळी सातला. सहा रस्ते एका चौकात येऊन मिळतात, मध्ये अन्नपूर्णेचं देऊळ. देवळाच्या पायरीला टेकून भाजीवाल्या बसलेल्या असतात. रायाची पानं, मुळे, आल्याचे ढीग, लप्सी नावाची आंबट फळं. बाया भाजी घेता घेता देवीच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावतात आणि पुन्हा घासाघीस करायला वळतात. तेवढ्यात मागून ‘साइड, साइड’ असा आवाज येतो. एक माणूस पुरता वाकून येत असतो, कपाळावरून नाम्लो म्हणजे पट्टा घेतलेला, आणि पाठीवर तांदळाची पोती नाहीतर आख्खं कपाट. सगळा भार कपाळावर आणि मानेवर. त्याला वाट द्यायला भाजीवाली, मोटरसायकलवाला, पुजारी सगळे एकदम भिंतीला सरकतात. शेजारच्या दुकानांत पितळेची भांडी टांगलेली. तुझ्या बायका तिथे दोन तास हलणार नाहीत. आणि तिकीट एका पैशाचं नाही.

आत्या : पंचवीस जणी त्या गल्लीत नेल्या तर दहा हरवतील.

मी : पाच-पाच जणींचे पाच गट कर. प्रत्येक गटात एक फोनवाली, तिच्याकडे नेपाळचं सिमकार्ड. धर्मशाळेचं कार्ड प्रत्येकीच्या पिशवीत. मुलांच्या सहलीत तू हेच करायचीस. आणि बस धर्मशाळेशी उभी ठेव, गावात फिरायला तिथली वाहनं घ्या. विजेवर चालणारे सफा टेम्पो आहेत, त्यांतले कितीतरी बायका चालवतात. तुझ्या मंडळातल्या एखादीला तिच्या शेजारी बसव आणि बघ त्यांचं काय जमतं ते. आणखी एक सांगते. काठमांडूत 2017 च्या एप्रिलपासून विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे. एवढी वाहनं आणि हॉर्न कमी, हे कानाला आधी खरंच वाटत नाही.

जेवणावरून आमचं चांगलंच वाजलं. माझं म्हणणं होतं की परदेशात जाऊन बारा दिवस आपल्याच आचाऱ्याची पोळी-भाजी खायची असेल तर निम्मा देश बघायचा राहिला. दाल-भात-तरकारी, सोबत गुंद्रुकची आंबूस आमटी, तांदळाची सेल रोटी, भक्तपूरला मातीच्या वाडग्यात लावलेलं जुजू धौ नावाचं घट्ट गोड दही. आत्याने विचारलं, ‘माळकरणींचं काय?’ मंडळातल्या बाराजणींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. काठमांडूच्या बहुतेक खाणावळींत मांसाहार शिजतो, मोमोत बऱ्याचदा म्हशीचं मांस असतं. माळकरणीने तिथे बसायचं नाही, हा तिच्या नेमाचा भाग आहे आणि नेम घरी ठेवून प्रवासाला निघता येत नाही. आचारी बरोबर असल्यामुळेच त्या बायका निघू शकतात. तेव्हा आचारी राहणार. सेल रोटी आणि जुजू धौ मात्र माळकरणींनाही चालतं, एवढं मी पदरात पाडून घेतलं.

मग तारखांवर आलो.

आत्या : सहलवाला महाशिवरात्र म्हणतोय. त्या दिवशी पशुपतिनाथ! याहून मोठं पुण्य कोणतं?

मी : लाखो माणसं असतात त्या दिवशी. रांगेत दिवस जातो. देवाचं नखभर दर्शन आणि शहर बघायचं राहून जातं.

आत्या : गर्दीला भ्यालो असतो तर आषाढीला पंढरपूर ओस पडलं असतं.

मी : गर्दीचं सोड. फाल्गुनाकडे काठमांडूच्या हवेत धूर आणि धूळ साठते, ते खोरं वाडग्यासारखं आहे. खोकल्याच्या बायकांना त्रास होईल आणि डोंगर दिसणार नाहीत. दसऱ्यातही नको, तिकडचा दसैं म्हणजे शहर रिकामं होतं, लोक गावी जातात, दुकानं बंद. दिवाळीनंतर जा. पावसाने हवा धुतलेली असते, पहाटे उत्तरेला बर्फाचे डोंगर स्वच्छ दिसतात.

आत्या : दिवाळीनंतर कार्तिकी. कार्तिकी सोडून एकही बाई येणार नाही. आणि मार्गशीर्षातले गुरुवार घरी हवेत, घट मांडायचे असतात.

मी : मग कार्तिक वद्य पक्ष उरतो. तोच पंधरवडा धर. त्यात काठमांडूत काय असतं ते ऐक.

मला जे सांगायचं होतं त्याच्याआधी एका बाईंविषयी सांगायला हवं. त्या आत्याच्या शेजारीण, मंडळात पखवाजाशेजारी बसून टाळ वाजवतात. त्यांचे यजमान 2021 च्या मे महिन्यात करोनाने गेले. रुग्णालयातून परस्पर नेलं, परस्पर अग्नी दिला. शेवटचं पाणी नाही, तोंड बघणं नाही. आधीच आपल्याकडे बाईने स्मशानात जायचं नाही अशी रीत, त्यात हे. नेपाळचं नाव निघाल्यावर सगळ्यात आधी पैसे त्यांनी आणून दिले. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

पशुपतिनाथाला बागमती वाहते. देवळाच्या काठावर आर्यघाट आहे आणि तिथे चिता पेटलेल्या असतात, दिवसभर. समोरच्या काठाला दगडी पायऱ्या आहेत आणि त्यावर सगळे बसलेले असतात, बाया, मुलं, म्हातारी माणसं, शेंगा विकणारे, माकडं. कोणी कोणाला उठवत नाही. मृतदेहाचे पाय नदीच्या पाण्याला लावतात, पिवळं वस्त्र पांघरतात, घरच्या बाया शेजारी उभ्या राहून रडतात आणि चिता पेटते. संध्याकाळी पायऱ्यांच्या बाजूला आरती सुरू होते, भजनं होतात, टाळ्या पडतात, आणि पलीकडे धूर चाललेलाच असतो. मला हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पुष्कळ वेळ उठता आलं नव्हतं.

मी : कार्तिक वद्य चतुर्दशीला तिथे बाला चतुर्दशी असते. ज्यांच्या घरी कोणी गेलंय ती माणसं तेरसेच्या रात्री पशुपतिनाथाला येतात, गेलेल्याच्या नावाने दिवा लावतात आणि रात्रभर त्याच्याशी जागतात. पहाटे बागमतीत स्नान करतात आणि देवळामागच्या रानात, देवळादेवळांतून सतबीज पेरत जातात. भात, जव, तीळ, गहू, चणे वगैरे सात धान्यं. बायकाही जागतात, बायकाही पेरतात. त्या दिवशीही गर्दी असते, शिवरात्रीएवढी नसली तरी. पण ती गर्दी तुझ्या शेजारणीसारख्यांचीच असते. पण या पत्रकात रात्रभर जागायला जागाच नाही. दर्शन, फोटो, आणि बस पुढे.

आत्या बराच वेळ पत्रकाकडे बघत होती. मग तिने विचारलं, ‘तिथे बाहेरच्या माणसांना दिवा लावू देतात?’ मी म्हटलं, पशुपतिनाथाच्या गाभाऱ्यातली पूजाच दक्षिण भारतातून आलेले भट्ट पुजारी करतात. बाहेरचं कोण, हा प्रश्न तिथे कराडच्या बाईला कोणी विचारणार नाही. फक्त चामड्याचा पट्टा, पाकीट आत नेऊ नका आणि देवळात फोटो काढू नका.

इथून पुढे आमचा वाद खाली आला. वाद म्हणण्यापेक्षा देवघेव झाली. जनकपूर गेलं. पोखरा गेलं, त्याचं मलाही थोडं वाईट वाटलं, कारण फेवा तलाव सुंदर आहे. मनोकामना मात्र आत्याने सोडली नाही. ती म्हणाली, वाटेवर आहे. खरंच आहे, सोनौलीहून मुग्लिनमार्गे काठमांडूला जाताना कुरिनटारला उतरायचं, रोपवेने वर जायचं. लुंबिनीही सीमेपासून जवळ. राहिल्या काठमांडूच्या पाच रात्री. पशुपतिनाथ दोनदा. तिथून गुह्येश्वरीवरून पायी बौद्धनाथ. संध्याकाळी शेकडो माणसं त्या स्तूपाला प्रदक्षिणा घालत असतात, त्यांत मिसळून जायचं. भक्तपूरला एक आख्खा दिवस. तिथलं पाच मजली न्यातपोल देऊळ 1702 चं, आणि 2015 च्या 25 एप्रिलच्या भूकंपातही ते टिकलं. काठमांडूच्या दरबार चौकातलं काष्ठमंडप त्याच भूकंपात भुईसपाट झालं होतं. लाकडं घडवून, कारागीर लावून लोकांनी ते पुन्हा उभं केलं. पाटणला सिद्धिनरसिंह मल्लाने 1637 मध्ये बांधलेलं दगडी कृष्णमंदिर आहे. त्याच्या भिंतींवर महाभारत आणि रामायण ओळीने कोरलेलं आहे. कथा तोंडपाठ असलेल्या या बायकांना ते मार्गदर्शकाशिवाय ओळखता येईल.

मी आणखी एक जागा सुचवली. 1857 नंतर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत उतरले आणि पेशवे घराण्यातल्या स्त्रियांना राणा जंगबहादुरांच्या आश्रयाने तिथे दिवस काढावे लागले. त्यांच्यासारखीच अवधची बेगम हजरत महल काठमांडूत राहिली, 1879 मध्ये तिथेच वारली. तिची कबर जामे मशिदीपाशी आहे, रत्नपार्कपासून चालत काही मिनिटांवर. आपल्या इतिहासाचा इतका मोठा तुकडा त्या शहरात पडलेला आहे, आणि एकाही मराठी सहलीच्या पत्रकात मी त्याचा उल्लेख पाहिलेला नाही. आत्या इतिहास शिकवायची. तिने ते लिहून घेतलं.

आत्या : आणि परत दंगल झाली तर? गेल्या सप्टेंबरचं टीव्हीवर पाहिलंय आम्ही. घरचे लोक तेच विचारतात.

मी : सप्टेंबर 2025 मध्ये तरुणांचं आंदोलन पेटलं, सरकार पडलं, विमानतळ बंद झाला. आपले बरेच लोक अडकले होते. अशा वेळी एका जागी मुक्काम असलेला गट बरा, रस्त्यावर असलेल्या बसचे हाल होतात. भारतीय दूतावास लैनचौरला आहे, त्याचा फोन नंबर प्रत्येक गटप्रमुखाकडे दे. आणि सगळ्यांचा प्रवास विमा काढ. नेपाळला कोणी विमा काढत नाही, घरच्यासारखंच वाटतं म्हणून. रुग्णालयाचं बिल मात्र घरच्यासारखं येत नाही.

आत्या : आधार कार्ड चालेल ना?

मी : त्यावर भिस्त ठेवू नकोस. पासपोर्ट नाहीतर निवडणूक ओळखपत्र, आणि मूळ प्रत. रोख पैसे शंभराच्या नोटांत ने. 2018 मध्ये नेपाळने त्याहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, पुढे नियम हलत राहिले, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात बँकेत विचार. बऱ्याच दुकानांत आता आपलं यूपीआयही चालतं.

आत्याने मतदार कार्डांचा गठ्ठा त्याच संध्याकाळी मागवला. सात जणींच्या कार्डावर माहेरचं नाव निघालं आणि रेल्वेच्या यादीत सासरचं. तिकिटं काढायच्या आधी ते कळलं हे बरं झालं.

एका गोष्टीवर मात्र आमचं जमलं नाही. मला एक दुपार पूर्ण मोकळी हवी आहे, कार्यक्रम नसलेली. जिला झोपायचं तिने झोपावं, जिला असनमध्ये पुन्हा जायचं तिने जावं, जिला घाटावर बसायचं तिने बसावं. आत्या म्हणते, कार्यक्रम नसला की बायका न्यू रोडला जाऊन घोंगड्या आणि थर्मास घेत बसतील, पैसे संपवतील. मी म्हटलं, घेऊ देत, त्यांचेच पैसे आहेत. ती म्हणते, सूनबाईने विचारल्यावर उत्तर मला द्यावं लागतं.

आत्या : ते आपण नंतर बघू. मुक्तिनाथाचं बायकांना मी सांगते, शुक्रवारी भजनाला सगळ्या असतात. तू त्या सहलवाल्याला उद्या फोन कर. दोन चालक, रात्री बस उभी, आणि बागमतीच्या काठी एक आख्खी रात्र. दर वाढवला तरी हजाराच्या वर जाऊ देऊ नकोस. आणि सगळं लेखी घे.